किती देते?

मराठीत गाय दूध देते, झाड सावली देतं आणि गाडी ॲव्हरेज देते. पहिल्या दोन बाबतींत खरोखरच काहीतरी मिळतं. गाडी मात्र जे देते ते आपणच आधी पंपावर तिच्यात ओतलेलं असतं. तरीही ‘किती पिते?’ असं कुणी विचारत नाही. ‘किती देते?’ असंच विचारतात, आणि म्हशीच्या बाजारात धनी जसा दीड-दोन लिटर वाढवून सांगतो तसे आपणही वाढवून सांगतो.

माझ्या नव्या गाडीबद्दल हा प्रश्न पहिल्यांदा आमच्या वॉचमनने विचारला. बोनेटवर झेंडूचा हार होता, तोंडात मीच दिलेला पेढा होता आणि गाडी शोरूमपासून सोसायटीच्या गेटपर्यंत एकूण चार किलोमीटर चालली होती. मी म्हटलं, “एकोणीस.” ब्रोशरमध्ये एकोणीस आणि पुढे दशांश होते, ते मी विनयाने सोडून दिले.

गाडी एसयूव्ही आहे. साधी नाही, ऑल व्हील ड्राइव्ह. म्हणजे गरज पडली तर चारही चाकं इंजिनाच्या जोरावर फिरतात. डोंबिवली पूर्वेतून घोडबंदर रोडवरच्या ऑफिसात जाणाऱ्या माणसाला ही गरज कधी पडते, हा प्रश्न बायकोने बुकिंगच्या आधीच विचारला होता. जाहिरातीत ती गाडी नदी ओलांडत होती.

“आपल्याला कुठली नदी ओलांडायची आहे?”

“उल्हास.”

“तिच्यावर पूल आहेत.”

“बंद पडले तर?”

कल्याण-डोंबिवलीत या प्रश्नाला हसत नाहीत. नोव्हेंबर २०१८मध्ये ब्रिटिशांच्या काळातला पत्रीपूल पाडला, तो नव्याने सुरू व्हायला जानेवारी २०२१ उजाडला. तोवर कोपर पूलही बंद पडला होता आणि त्यालाही दोन वर्षं लागली. एका पुलाच्या जिवावर पोर पहिलीतून तिसरीत गेलेलं बघितलेली बायको गप्प झाली. हे दोन्ही पूल नदीवरचे नसून रेल्वेवरचे होते, आणि चारही चाकांत कितीही जोर असला तरी रुळांवरून गाडी घालता येत नाही, हे तिच्या लक्षात आलं तोवर मी चेक दिला होता.

त्या एकोणिसाचं मूळ पुण्यात आहे. कोथरूडला वेताळ टेकडीवर एआरएआय नावाची संस्था आहे, १९६६ सालची. ब्रोशरमधले आकडे ज्या चाचणीतून येतात तिच्यात गाडीची चाकं रोलरवर ठेवतात आणि एका ठरलेल्या तालावर ती पळवतात : इतके सेकंद वेग वाढवायचा, इतके सेकंद स्थिर, इतके सेकंद थांबायचं. सगळा कार्यक्रम ११८० सेकंदांचा, म्हणजे वीस मिनिटांच्याही आत आटोपतो. अंतर सुमारे साडेदहा किलोमीटर, वेग नव्वदच्या वर नाही, आणि एसी बंद. त्या खोलीत खड्डा नसतो, रिक्षा नसते, ‘काम चालू, रस्ता बंद’ नसतं. पुण्यातल्या खोलीत गाडी पळते पण कुठे जात नाही. आमच्याकडे ती कुठे जात नाही आणि पळतही नाही. एवढा एकच फरक, पण तो पडतो.

पहिल्या महिन्यात डॅशबोर्डवरचा आकडा बारा पूर्णांक सहा दाखवत होता. मी सोसायटीत पंधरा सांगत होतो. ब्रोशर एकोणिसावर ठाम होतं. एकाच गाडीचे तीन आकडे सुखाने नांदत होते, आणि चौथा काढायला माझे सासरे आले.

सासरे कल्याणला राहतात. मध्य रेल्वेत मोटरमन होते. उभा जन्म कल्याण ते सीएसएमटी लोकल चालवली आणि घरी येऊन स्कूटरचा हिशोब ठेवला. त्यांच्याकडे ती वही अजून आहे. लाल बांधणीची, रकाने आखलेली : तारीख, लिटर, किलोमीटर, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात ‘मागे सौ. होत्या’ असंही एका ठिकाणी वाचलं आहे. त्या दिवशीचं ॲव्हरेज सासूबाईंना अजून माहीत नाही.

“जावईबापू, त्या पडद्यावर विश्वास ठेवू नका. तो गाडीचाच माणूस आहे,” ते म्हणाले, आणि मला पंपावर घेऊन गेले. टाकी ऑटो कटपर्यंत भरली. पंपावरचा मुलगा सवयीने ‘राउंड फिगर करू?’ म्हणाला, तेव्हा सासऱ्यांनी त्याच्याकडे सिग्नल तोडून आलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. मग ट्रिप मीटर शून्यावर आणला. आठवड्याने त्याच पंपावर, त्याच नोझलला, पुन्हा ऑटो कट. भागाकार त्यांनी वहीतच केला.

नऊ पूर्णांक चार.

माझा चेहरा बघून त्यांनी हिशोब उलगडून दाखवला. घरापासून ऑफिस साधारण सव्वीस किलोमीटर. गाडी चालती असते तेव्हा लिटरला चौदा धरा, म्हणजे अठराशे-साडेअठराशे मिली झालं. पण दोन तासांच्या प्रवासात तासभर तुम्ही उभे असता. एसी लावून उभ्या असलेल्या इंजिनाला तासाला पाऊण-एक लिटर लागतं. त्या लिटराने काटलेलं अंतर शून्य. “म्हणजे जावईबापू, एक लिटर तुम्ही प्रवासासाठी जाळत नाही. बसायला जागा मिळते त्याचं भाडं भरता.”

यात वाईट असं की हिशोब बरोबर आहे. युरोपात शंभर किलोमीटरला किती लिटर लागले ते मोजतात, अमेरिकेत गॅलनला किती मैल. कापूरबावडी ते कासारवडवली या पट्ट्यात दोन्ही पद्धती गैरलागू आहेत. मेट्रोच्या खांबांच्या दोन्ही बाजूंना उरलेल्या रस्त्यात, बंदराकडून गुजरातकडे निघालेल्या कंटेनरच्या मागे, लिटरला किती मिनिटं एवढंच विचारण्यात अर्थ आहे. पुढे गायमुखच्या घाटात एखादा ट्रेलर बंद पडला तर लिटरला किती गाणी.

बायको मात्र लोकलने जाते. डोंबिवली ते ठाणे. तिचा महिन्याचा सेकंड क्लासचा पास माझ्या एका दिवसाच्या पेट्रोलपेक्षा स्वस्त आहे, आणि ही गोष्ट ती कधीही बोलून दाखवत नाही. फक्त पास दिसेल असा पर्समध्ये ठेवते.

सासऱ्यांना तर या विषयात वडिलोपार्जित अधिकार आहे. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, चौतीस किलोमीटर, सव्वा तासाच्या आत. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत पोचले. “साहिब, सिंध आणि सुलतान. तीन इंजिनं लावली होती एका गाडीला. किती देते म्हणून कुणी विचारलं का?” एवढं बोलून ते माझ्या गाडीकडे बघतात. वाक्यातला टोमणा नक्की कुणाला, हे मला अजून उमगलेलं नाही.

ऑल व्हील ड्राइव्हमुळे किती जातं, हे मी गॅरेजवाल्याला विचारलं. त्याने गाडी लिफ्टवर घेतली आणि खाली उभं करून दाखवलं. पुढून मागपर्यंत गेलेला लांब दांडा, मागच्या चाकांच्या मध्ये एक गिअरचा डबा, त्याला लागून एक कपलिंग. कोरड्या रस्त्यावर गाडी पुढच्या दोन चाकांवरच चालते. ती घसरली की कपलिंग आवळतं आणि मागच्या चाकांना जोर मिळतो. पण घसरो न घसरो, दांडा फिरतच असतो, डब्यातलं तेल घुसळलं जातच असतं, आणि सगळ्याचं वजन रोज डोंबिवलीहून ठाण्याला जाऊन परत येतं. पालखीला खांदा पुढचे दोघंच देतात, मागचे दोघं नुसता हात लावून चालतात, पण प्रसादाच्या पंगतीला चौघंही बसतात.

त्यात पेट्रोल तरी पेट्रोल कुठे राहिलंय? आता त्यात वीस टक्के इथेनॉल असतं, आणि लिटरमागे इथेनॉलची ताकद पेट्रोलपेक्षा एक तृतीयांशाने कमी. महाराष्ट्रात ते बरंचसं उसापासून होतं. माझा कोल्हापूरचा मित्र सांगतो की तुझ्या गाडीने आमच्या शेतकऱ्याला हातभार लावला. असेल. ऊस त्यांचा, चोथा मात्र घोडबंदर रोडवर माझा होतो.

सासऱ्यांनी मग मला शिकवायला घेतलं. लोकल चालवण्यात कोस्टिंग नावाचा प्रकार असतो. वेग आला की पॉवर काढून घ्यायची आणि गाडी आपल्या वजनावर वाहू द्यायची. स्टेशन जवळ आलं की ब्रेक अगदी शेवटी, अगदी थोडा. नव्या लोकल तर ब्रेक लावताना वीज परत तारेत सोडतात. “तुमची गाडी ब्रेक लावून काय परत देते? गरम डिस्क. म्हणजे ब्रेक लावायची वेळच येऊ द्यायची नाही.”

एका शनिवारी ते माझ्या शेजारी बसले आणि मोठागाव-माणकोली पुलावरून आम्ही ठाण्याला निघालो. २०२४ साली हा पूल झाल्यापासून खाडी ओलांडायला कोनगाव किंवा शिळफाट्याचा वळसा पडत नाही. पूल छान मोकळा होता. “नॉच सोडा,” सासरे म्हणायचे. मी ॲक्सिलरेटर सोडायचो. गाडी वाहायची. पडद्यावरचा आकडा सतरा, अठरा, एकोणीस... ब्रोशर खरं होतं! मी हॉर्न वाजवणार होतो. तेवढ्यात माणकोली नाका आला, समोर ट्रक उभे, आणि सासरे म्हणाले, “होम सिग्नलला डिटेन.” पुढची चाळीस मिनिटं आम्ही एकोणिसाचं बारा होताना बघत बसलो. मुलं सहलीहून परतताना हळूहळू पेंगत जातात ना, तसं.

इथवर ठीक होतं. पण मला साडू आहे.

साडूभाऊंची गाडी सीएनजीवर चालणारी लहान हॅचबॅक. आमच्या घरी आले की चहा यायच्या आत ते आकडा टाकतात. “सव्वीस.” मग बशीत चहा ओततात. मी त्यांना तीनदा समजावलं आहे की ते सव्वीस किलोला असतात, लिटरला नव्हे. एका किलो गॅसमध्ये लिटरभर पेट्रोलच्या साधारण दीडपट ऊर्जा असते. म्हणजे त्यांचे सव्वीस हे खरे सतराच. ते शांतपणे ऐकून घेतात आणि विचारतात, “आणि तुमची?” पंपावरच्या रांगेत ते पाऊण तास उभे असतात हाही मुद्दा मी काढून पाहिला. रांगेत इंजिन बंद असतं, म्हणाले.

तेव्हा मला एकच आशा होती. कधीतरी, कुठेतरी, काहीतरी घसरेल.

४ जुलै २०२५ला पलावाचा पूल सुरू झाला आणि काही तासांत पुन्हा बंद झाला, कारण पावसात त्यावर दुचाक्या घसरत होत्या. बातमी वाचून माझ्या मनात आलेला पहिला विचार इथे लिहिण्यासारखा नाही. एवढंच सांगतो की मी गाडीची किल्ली शोधत होतो.

शेवटी मुरबाड धावून आलं. सासऱ्यांच्या चुलतभावाचं तिकडे शेत आहे. भातलावणी झाल्यावर सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. आम्ही दोन गाड्यांनी गेलो. जेवण होईतो पाऊस लागला तो असा की समोरचा डोंगर पुसला गेला. परत निघालो तर साडूंची हॅचबॅक खाचराच्या कडेला अर्धं चाक रुतून बसलेली. त्यांनी ॲक्सिलरेटर दिला, चाकं जागच्या जागी भिरभिरली आणि मेव्हणीच्या साडीवर चिखलाची नक्षी उमटली. गाववाले म्हणाले, ट्रॅक्टर बोलावू.

“कशाला?” मी म्हणालो. दीड वर्ष हे वाक्य मी तयार ठेवलं होतं.

दोरखंड आला. नॉब ‘लॉक’वर फिरवला. तो त्या जागी पहिल्यांदाच गेला असावा, कारण खट्ट असा कोरा आवाज झाला. मागचे दोघे पालखीवाले आयुष्यात पहिल्यांदा खांदा द्यायला वाकले. गाडी जराशी डुलली, चिखल चारी बाजूंनी उडाला, दोर ताणला, आणि साडूंची गाडी स्टिअरिंग धरून बसलेल्या साडूंसह सुळकन बाहेर आली. डांबरी रस्ता लागेपर्यंत मी थांबलो नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या. बायकोने माझ्याकडे बघितलं. लग्नानंतर असं तीनेक वेळा बघितलं असेल.

शेजारी सासरे बसले होते. त्यांचं लक्ष पडद्यावर होतं.

“दोन पूर्णांक एक,” ते म्हणाले.

“बाबा, आत्ता तरी...”

“चाळीस मीटर झाले. मी मोजलेत.” त्यांनी पिशवीतून वही काढली. वाटेत पावसाचा थेंब पडून लाल रंग त्यांच्या अंगठ्याला लागला. त्यांनी आधी माझ्या रकान्यात २.१ लिहिलं. मग थोडा वेळ विचार करून, त्यांनी खाली साडूंचं नाव घातलं. किलोमीटर : ०.०४. पुढच्या रकान्यात गॅस : शून्य. इंजिन बंदच होतं की. भागाकार करायला त्यांनी पेन्सिल टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली.

मागून साडू चिखलाच्या चपला हातात घेऊन खिडकीशी आले. “थँक्यू हं,” म्हणाले, आणि वहीत डोकावले.

सासऱ्यांनी नीट अक्षरात लिहिलं होतं : अगणित.