हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

आमच्या कोकणातली खोती १९४९ च्या कायद्याने बुडाली, त्याला आता पाऊणशे वर्षे होऊन गेली. परंतु जी संस्था मुंबई सरकारने लेखणीच्या एका फटकाऱ्यासरशी नामशेष केली, तिचेच पुनरुज्जीवन अमेरिकेच्या खजिन्याने सन्मानपूर्वक केलेले पाहण्याचा योग माझ्यासारख्या कुळाच्या वंशजाच्या नशिबी आहे, असे एखाद्या ज्योतिषाने सांगितले असते, तर मी त्याच्याकडून दक्षिणा परत मागून घेतली असती. भेद असलाच तर इतकाच की, आमचा खोत रयतेकडून सारा वसूल करून सरकारात भरीत असे, आणि तिकडचा खोत, ज्यास ते लोक डीलर म्हणतात, सरकारने रयतेला दिलेली माफी आपल्या शुभहस्ते वाटत असे. वाटता वाटता हाताला काय चिकटते, हा प्रश्न दोन्ही खंडांत सारखाच अप्रशस्त समजला जातो.

ऑगस्ट २०२२ मध्ये अध्यक्ष बायडन यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्यान्वये विजेवर चालणारी नवी मोटार घेणाऱ्यास ७,५०० डॉलरपर्यंत प्राप्तिकरात सूट मिळावयाची होती. अटी अर्थातच सोवळ्याच्या होत्या: गाडीची अखेरची जुळणी उत्तर अमेरिकेत झालेली असावी, बॅटरीतील खनिजांचे कुलगोत्र निर्दोष असावे, एकट्याचे उत्पन्न दीड लाख डॉलर आणि दांपत्याचे तीन लाख यांच्या वर नसावे, आणि छापील किंमत साध्या मोटारीस ५५,००० व थोराड मोटारीस ८०,००० डॉलर यांच्या आत असावी. यातील ‘छापील’ या विशेषणात ज्याने ज्याने अर्थ शोधला, त्याला तो भरघोस सापडला. कारण कारखान्याने गाडीस लावलेली किंमत तेवढी सरकार मोजणार, आणि तिच्यावर डीलर आपल्या मर्जीने काय चढवतो, तिकडे मात्र ते काणाडोळा करणार.

पुढे १ जानेवारी २०२४ पासून ग्राहकाने आपला हक्क डीलरच्या नावे करून द्यावा, डीलरने ती रक्कम तिथल्या तिथे वळती करावी व खजिन्यातून आपली भरपाई करून घ्यावी, अशी सोय झाली. ग्राहक सूट तिथेच घेवो अथवा पुढे विवरणपत्रातून मागो, डीलरचे कर्तव्य एकच: प्राप्तिकर खात्याच्या संगणकी दप्तरात विक्रीची नोंद तीन दिवसांच्या आत करणे.

माझा भाचा न्यू जर्सीत असतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये मी त्याच्याकडे गेलो असता, मोटार घेण्याच्या मंगलकार्यास वडीलधारे माणूस हवे म्हणून तो मला डीलरकडे घेऊन गेला. तेथील हसतमुख तरुणाने कॉफी दिली, माझ्या प्रकृतीची चौकशी केली, आणि मग एक कागद टेबलावर अशा रीतीने सरकवला की जणू त्यावर भाच्याच्या नावे इनाम लिहून दिले आहे. कागदावर ठळक तांबड्या अक्षरांत ७,५०० वजा होते. “ही आमच्याकडून तुम्हांला सवलत,” असे तो म्हणाला. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणारे पुष्कळ पाहिले. परंतु ठेवल्यावर त्याची पावती देणारा हा पहिलाच. तांबड्या ओळीखाली बारीक काळ्या ओळी होत्या: बाजारमानानुसार वाढ ४,९९५, रंगरक्षण १,४९५, दप्तरखर्च ६९९, टायरांत नायट्रोजन २९९. मी जुन्या वळणाचा माणूस. बोटांवर बेरीज केली, ती ७,४८८ भरली. अमेरिकन सरकारच्या औदार्यातले बारा डॉलर माझ्या भाच्याच्या पदरात पडत होते. “मामा, जाऊ द्या, इथे असंच असतं,” असे तो हळूच म्हणाला, तेव्हा तो तिथला नागरिक का झाला, ते मला कळले. (ज्या हवेत मुळातच चार पंचमांश नायट्रोजन आहे, तीत आणखी नायट्रोजन घालण्याचे शुल्क घेणाऱ्या माणसाविषयी माझ्या मनात द्वेष नाही, केवळ आदर आहे.)

त्या सर्वांच्या तळाशी, मुंगीस चष्मा लावावा लागेल अशा टाइपात, सदर ७,५०० डॉलर ग्राहकाने पुढील वर्षी स्वतःच सरकारकडून मागून घ्यावेत, अशी तळटीप होती. म्हणजे डीलरची सवलत भाच्यानेच सरकारदरबारी जाऊन आणावयाची. मार्च २०२५ मध्ये त्याने ती आणावयास जाऊन पाहिले. खात्याने उत्तर दिले की, अशी गाडी विकली गेल्याची वार्ताच आमच्या दप्तरी नाही. डीलरने गाडी दिली, पैसे घेतले, नायट्रोजन भरला. तीन दिवसांत करावयाची नोंद तेवढी राहून गेली. दूरध्वनीवर त्याच हसतमुख तरुणाने सांगितले की, ते काम ज्या बाईंकडे होते, त्या सोडून गेल्या.

भाड्याने गाडी घेणाऱ्यांची कथा वेगळी. तेथे मालक भाडेकंपनी, म्हणून गाडी व्यापारी ठरे, आणि खनिजांचे व जुळणीचे सोवळे सुटे. कोरियातून आलेली मोटारही पवित्र होई. सूट कंपनीची; ती ग्राहकाला देण्याचे बंधन कायद्यात नव्हते, देईल तो पुण्यवान.

४ जुलै २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांच्या सहीने या साऱ्यावर पडदा पडण्याची तारीख ३० सप्टेंबर ठरली. त्या महिन्यात भाच्याला त्याच डीलरचे पत्र आले: शेवटची संधी, सरकारी दान आटत आहे, त्वरा करा. पत्रातील कारुण्य पाहून मलाही गहिवरून आले. पण ऑक्टोबर उजाडताच आश्चर्य घडले. ह्युंदाईने आपल्या २०२५ सालच्या आयोनिक ५ वर ७,५०० डॉलरची रोख सवलत पदरची दिली. आणि भाच्याचा डीलर निराळ्याच छापाच्या गाड्या विकणारा असूनही त्याने मागे राहू नये, हे ओघानेच आले. भाच्याने त्याच्या नव्या कागदाचे छायाचित्र मला पाठवले. ७,५०० वजा, तीच तांबडी अक्षरे, तेच वळण, आणि शेजारी, “आमच्याकडून तुम्हांला सवलत.” या खेपेस ते खरे होते. मी भिंग घेऊन खालच्या काळ्या ओळी वाचल्या. नायट्रोजन ३४९ झाला होता.