लाल फुलीचे मानकरी

दादरला रानडे रोडवर नो-पार्किंगच्या खांबाला खेटून एक पांढरी गाडी रोज उभी असते. पुढच्या काचेवर लाल फुली. टोइंगवाले येतात, अलीकडची एक आणि पलीकडची एक अशा दोन स्कूटर उचलतात, फुलीकडे बघतात आणि पुढे जातात. गाडी डॉक्टरांची आहे म्हणे. मी आजवर तिच्यातून उतरताना फक्त त्यांच्या मेहुण्याला पाहिलंय, तेही पापलेटच्या पिशवीसकट.

आता ही फुली कोणाची? डॉक्टरांची नव्हे, मेहुण्याची तर नव्हेच. १८६४ च्या जिनिव्हा कराराने ती दिली सैन्याच्या वैद्यकीय पथकाला. गोळ्या सुटत असताना जखमी माणूस उचलायला जो पुढे धावतो, त्याच्यावर कोणी नेम धरू नये, म्हणून. आपल्याकडे त्यासाठी १९६० चा कायदाही आहे. परवानगीवाचून फुली लावली तर दंड, पाचशे रुपयांपर्यंत! टोइंगची पावती याहून जाड असते. तेव्हा हिशेब काही झालं तरी फुलीच्याच बाजूने लागतो.

थोडक्यात, फौजेतल्या त्या माणसाचा बिल्ला आम्ही गाडीला लावला. त्याची नोकरी मात्र आमच्या घरात कोणाला नको आहे.

याचा प्रयोग आमच्या लालबागच्या चाळीत झाला. दुसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा बारावी झाला. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी. मार्क बरे, पण ‘नीट’ पार करून सरकारी सीट मिळावी इतके नव्हेत. एका संध्याकाळी त्याने गॅलरीत जाहीर केलं, की तो लष्कराच्या ‘नर्सिंग असिस्टंट’चा फॉर्म भरतोय. फॉर्मला बारावीला एकूण पन्नास टक्के आणि इंग्रजी धरून चारही विषयांत निदान चाळीस लागतात. एवढे त्याच्याकडे होते. गॅलरीकडे नव्हते, पण मत होतं.

“फौजेत जायचं तर बंदूक धर की रे. नर्स कसला होतोस?” पहिल्या मजल्यावरचे काका म्हणाले. याच काकांची गेल्या वर्षी ॲन्जिओप्लास्टी झाली, तेव्हा रात्रभर त्यांची लघवीची बाटली एका ब्रदरनेच धरली होती. सकाळी काकांनी डॉक्टरांना पेढे दिले. ब्रदरची ड्युटी तोवर संपली होती.

आईचा सवाल जास्त व्यवहारी होता. “डॉक्टर नाही, कंपाउंडर नाही, धड सैनिक पण नाही. लग्नाच्या वेळी लोकांना सांगायचं काय?”

मुलगा सांगत होता, पण टीव्हीवर मालिका सुरू झाली होती. तो सांगत होता ते असं: पलटणीत डॉक्टर असतो एक, त्याला आरएमओ म्हणतात. पलटण मात्र पसरलेली असते डोंगरभर. वरच्या चौकीवर कोणाला गोळी लागली, कोणाचा पाय घसरला, बर्फाने कोणाची बोटं काळी पडली, तर डॉक्टर तिथे उडत येत नाही. तिथे असतो नर्सिंग असिस्टंट. रक्त थांबवायचं, हाड बांधायचं, सलाईन लावायचं आणि माणूस जिवंत ठेवून खाली एड पोस्टपर्यंत पोचवायचा. पुढची सगळी मोठी हॉस्पिटलं त्यानंतर. केईएमच्या कॅज्युअल्टीत जे काम दहा जण दिव्याखाली करतात, ते हा एकटा टॉर्च तोंडात धरून करणार. पण पदाच्या नावात ‘नर्सिंग’ आलं ना! त्याऐवजी ‘कॉम्बॅट मेडिकल कमांडो’ असलं काही नाव ठेवलं असतं, तर लालबागहून रिझर्व्ह बस सुटल्या असत्या.

नौदलाचा रस्ताही होता. तिथे मेडिकल असिस्टंट म्हणून घेतात. आधी ओडिशात आयएनएस चिल्कावर शिपाईगिरीचे धडे, मग वैद्यकीय शिक्षण कुठे, तर कुलाब्याला, आयएनएचएस अश्विनीमध्ये. देवांचे वैद्य अश्विनीकुमार, त्यांच्यावरून नाव. आणि हॉस्पिटलाची मुळं १७५६ पर्यंत मागे जातात, म्हणजे गिरण्यांची पहिली चिमणी उभी राहिली त्याच्या शंभर वर्षं आधीची. गिरगावातली माणसं आर. सी. चर्चची पाटी लावलेल्या बसने आयुष्यभर त्याच्या आसपास उतरली. आत काय चालतं, हे विचारायला कोणी गेलं नाही. आपलं कुतूहल सहसा ससून डॉकला मासळी घेऊन संपतं.

नौदलात धावावं लागतं: १.६ किलोमीटर, साडेसहा मिनिटांत. शिवाजी पार्कची फेरी साधारण १.१७ किलोमीटरची, म्हणजे एक फेरी आणि वर तिसऱ्या हिश्श्याहून जरा जास्त. मुलगा पहाटे लालबागहून दादरला जाऊन धावू लागला. पहिल्या दिवशी आठ मिनिटं दहा सेकंद. त्यातली वीस सेकंद एका आजोबांच्या लॅब्राडोरची होती, असा त्याचा दावा. कट्ट्यावर बसलेल्या मंडळींनी तिथूनच सल्ला दिला, “श्वास नाकाने घे.” कट्ट्यावर बसून देशाचं संरक्षणही असंच होतं.

आता कोणी म्हणेल, हे चाळीचं झालं; शिकलेल्या दादरचं काय? शिकलेल्या दादरसाठी पुण्यात वानवडीला एएफएमसी (सैन्यदलांचं मेडिकल कॉलेज) आहे. १ मे १९४८ ची, म्हणजे महाराष्ट्र दिनाहून बारा वर्षांनी थोरली. एमबीबीएस, तेही शिकवणीची फी न घेता. एका क्लासच्या बाहेर मी एका वहिनींना हे सांगितलं, तर त्यांचा चेहरा पडला. “फी नाही? मग काहीतरी गोम असणार.” गोम आहेच. शिकून झालं की लष्करात नोकरी करावी लागते, वर्षानुवर्षं, ते सांगतील तिथे. वहिनींनी सुस्कारा सोडला. खासगी अभिमत विद्यापीठात कोटीच्या घरात फी भरायची त्यांची तयारी होती. तिथे निदान मुलगा कुठे राहणार हे पक्कं असतं. सरकारी कॉलेजचा एक वर्षाच्या ग्रामीण सेवेचा बॉन्डसुद्धा त्यांच्या हिशेबात होता, ‘दहा लाख भरले की सुटतो’ या रकान्यात. म्हणजे गडचिरोलीला न जाण्याचा दर त्यांच्या लेखी ठरलेला होता. सियाचीनला न जाण्याचा दर काय, हे वहिनींनी अजून विचारलेलं नाही.

बरं, आम्हाला या कामाचं कौतुक नाही असं मुळीच नाही. भरभरून आहे, फक्त सिनेमापुरतं. सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणिसांनी डॉक्टरीचं शिक्षण घेतलं आमच्या परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात. १९३८ साली काँग्रेसने पाच डॉक्टर चीनला धाडले, त्यात ते होते. चिनी सैन्याच्या आठव्या रूट आर्मीत जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले, तिथेच लग्न केलं आणि १९४२ च्या डिसेंबरात तिथेच गेले. वय बत्तीस. चार वर्षांनी व्ही. शांतारामांनी त्यांच्यावर सिनेमा काढला तो राजकमलमधून. राजकमल पुन्हा परळलाच, त्या कॉलेजच्याच केईएम हॉस्पिटलपासून चालत जाता येईल इतकं जवळ. म्हणजे मराठी माणसाला माहीत असलेला सगळ्यात मोठा फौजी डॉक्टर परळला शिकला, परळच्याच स्टुडिओत अमर झाला, आणि मधली मरायची तेवढी गोष्ट चीनमध्ये उरकून आला. शेजाऱ्यांना तसदी नाही.

२०१३ मध्ये चीनचे पंतप्रधान ली खछ्यांग मुंबईत आले, तेव्हा कोटणिसांच्या वृद्ध बहिणीला आठवणीने भेटले. बीजिंगला ते घर ठाऊक होतं. आपल्यातल्या किती जणांना होतं, हा प्रश्न गॅलरीत विचारून पाहावा. मी विचारला. काका म्हणाले, “कोटणीस म्हणजे लोणचंवाले का?”

तो मुलगा? त्याची धाव आता सहा मिनिटं पन्नासवर आलीय. निकाल लागायचे तेव्हा लागतील. दरम्यान गणपती आले. मंडळाचा यंदाचा देखावा सियाचीन: कापसाचं बर्फ, प्लायवूडचा कडा आणि रायफल रोखलेले पाच जवान. मुलगा मंडळाचा जुना कार्यकर्ता, बर्फ अंथरायला तोच होता. त्याने मीटिंगमध्ये भीत भीत सुचवलं, की पाचातला एक नर्सिंग असिस्टंट करूया.

अध्यक्षांनी विचार केला. “त्याच्या हातात काय देणार?”

“पेटी. औषधांची.”

“नको रे,” अध्यक्ष म्हणाले, “लांबून प्लंबर वाटेल.”