संयम कोणाचा?

सहल ठरली की आमच्या मित्रमंडळात आधी पाहणी निघते. मंगल कार्यालय बघायला गेलेल्या वरपक्षासारखे आम्ही जागेवर फिरतो : पाण्याची सोय काय, गाड्या कुठे लावायच्या, संडास किती लांब. नेवाडातल्या पिरॅमिड लेकच्या काठी तंबू ठोकून मासे धरायचे ठरले, तेव्हा मार्चमधल्या एका शनिवारी ही पाहणी समिती कॅलिफोर्नियाहून डोंगर ओलांडून निघाली.

रेनो मागे टाकलं की उजाड टेकड्या लागतात आणि एका वळणानंतर समोर एकदम निळंशार पाणी येतं. काठाला औषधालाही झाड नाही. सावलीच्या रकान्यात समितीने तिथेच फुली मारली. वाळू भुसभुशीत, गाडी पुढे न्यावी तर चाक रुतायची भीती. वारा असा, की नकाशा दोघांनी दोन्ही बाजूंनी धरला तेव्हा कुठे वाचता आला.

आणि पाण्यात शिड्या! रंगारी घरात आणतात तसले घोडे किनाऱ्यापासून आत ओळीने रोवलेले, प्रत्येकावर कानटोपी घातलेला एकेक माणूस गळ टाकून उभा. इथला तळ काठापासून थोडं आत गेल्यावर एकदम खोल होतो आणि मोठे मासे त्या कडेकडेने फिरतात. शिडीवर उभं राहिलं की गळ लांब जातो आणि पायही थंड पाण्याबाहेर राहतात. आम्ही बराच वेळ बघत होतो. एकाही शिडीवर काही हललं नाही. ‘‘याला म्हणतात संयम,’’ आमच्यातला मालवणचा मित्र आदराने म्हणाला.

त्याने स्वतः आमिषासाठी बर्फात घालून कोळंबी आणली होती. पण हे सरोवर पायूट या मूळनिवासी लोकांच्या राखीव प्रदेशात येतं. मासेमारीचा परवाना त्यांच्याकडूनच घ्यायचा आणि नियमही त्यांचेच. खरं आमिष चालत नाही. खोटं लावायचं, तेही बिनकाट्याच्या गळाला. मित्राने कोळंबीकडे पाहिलं, मग गाडीतल्या स्टोव्हकडे. वाऱ्याच्या आडोशाला गाडीचं दार उघडं धरून त्याने ती मालवणी मसाल्यात परतली. शिडीवरच्या दोघांनी मान वळवून आमच्याकडे पाहिलं. सकाळपासून तेवढीच काय ती हालचाल.

संयमाचं म्हणाल, तर तो इथे माणसांपेक्षा माशांकडे जास्त आहे. टाहो सरोवरातून निघालेली ट्रकी नदी इथे येऊन संपते. पुढे वाट नाही. पाणी जातं ते वाफ होऊनच, म्हणून ते खारट. 1844 च्या जानेवारीत नव्या वाटा शोधत फिरणारा जॉन फ्रेमाँट आपली तुकडी घेऊन इथे पोचला. त्यानेही एका परीने पाहणीच केली आणि पाण्यातल्या टोकदार खडकावरून सरोवराचं नाव ठेवलं. पायूट लोकांनी त्याला भलेमोठे ट्राउट खायला आणून दिले. पाहणीला आलेल्यांत एवढा नशीबवान दुसरा कोणी नसेल.

त्याच जातीचा, म्हणजे गळ्याखाली लाल रेघ असलेला लाहोंटन कटथ्रोट ट्राउट, 1925 साली इथे गळाला लागला तो 41 पौंडांचा. पण त्याआधीच, 1905 मध्ये, ट्रकीवर डर्बी धरण झालं होतं आणि नदीचं पाणी शेतीकडे वळलं होतं. अंडी घालायला वर चढायचं तर नदीत पाणी नाही. काही दशकांतच सरोवरातला मूळ वाण संपला. तो संपल्याचं सगळ्यांनी मान्यही केलं. पुढे 1970 च्या दशकात युटाच्या सीमेवर, पायलट पीकच्या डोंगरातल्या एका ओढ्यात छोटे ट्राउट सापडले. पूर्वी कधीतरी कोणीतरी तिथे सोडलेले. ते या सरोवराच्याच वाणाचे निघाले. ओढ्यात राहायचं म्हणून अंग चोरून राहिले होते. त्यांची पिल्लं पिरॅमिड लेकमध्ये आणून सोडल्यावर मात्र वीस-वीस पौंडांची झाली.

आणखी एक इथला रहिवासी म्हणजे कुई-उई मासा. जगात दुसरीकडे कुठेच नाही. चाळीस वर्षंही जगतो. नदीला पाणी कमी असलं तर त्या वर्षी अंडी घालायचा बेत पुढे ढकलतो, पुढच्या वर्षी बघू म्हणतो. सरकारी कागदपत्रांशी झगडलेल्या माणसालाही एवढं जमत नाही.

परतताना समितीचा अहवाल गाडीतच तयार झाला. सावली नाही, वारा फार, वाळू धोक्याची. तरीही ठराव एकमताने मंजूर झाला : हंगाम जूनअखेर संपतो, त्याआधी यायचंच. तंबूचे खुंटे लांब घ्यायचे, शिडी शेजाऱ्याकडून मागायची. मासा लागलाच तर मोजून, फोटो काढून पाण्यात सोडायचा. एवढी वाट बघून परत आलेल्याला तव्यावर टाकायला कोणाचंच मन होईना. आणि कोळंबी या खेपेला माणशी पाव किलो जास्त.