लॉर्ड डलहौसी यांस मेढेकरांचे आभारपत्र

लॉर्ड डलहौसीसाहेब, माजी गव्हर्नर जनरल, यांचे सेवेशी,

जावळी तालुक्यातील मेढा गावच्या समस्त मेढेकरांकडून कृतज्ञतापूर्वक कळविण्यात येते की, औरस पुत्र नसलेल्या राजाचे दत्तकविधान नामंजूर करून त्याचे राज्य कंपनी सरकारात जमा करण्याचे, म्हणजेच संस्थान खालसा करण्याचे, जे धोरण आपण 1848 साली प्रथम साताऱ्यावर चालविले, त्याची फळे जावळी तालुका अद्याप चाखत आहे. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी त्यास विरोध केला होता. परंतु जवळच्या माणसास अधिक कळते हा गैरसमज आपण वेळीच दूर केलात.

छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी 1824 च्या सुमारास साताऱ्यात जुना राजवाडा उभारला. 1839 साली कंपनीने त्यांना पदच्युत करून काशीस धाडले, आणि गादीवर बसविलेले त्यांचे बंधू अप्पासाहेब ऊर्फ शहाजी यांच्या कारकिर्दीत, 1844 साली, शेजारचा नवा राजवाडा पुरा झाला. त्यानंतर अवघ्या चार वर्षांत राज्यच खालसा करण्याची आपली तत्परता आजच्या कोणत्याही खात्यास साधणार नाही.

राजवाडा झाला तरी तो वाडाच, आणि मराठा वाडा चौकाभोवती, म्हणजे मधल्या उघड्या अंगणाभोवती, रचलेला असतो. चौकाच्या बाजूंना सोपे, म्हणजे खांबांवर पेललेल्या उघड्या पडव्या, त्यांमागे खोल्या, आणि दर्शनी भागात सदर, म्हणजे कारभार पाहण्याची व गाऱ्हाणी ऐकण्याची बैठक, अशी त्याची मांडणी असते. सागवानी खांब तळखड्यावर, म्हणजे घडीव दगडी बैठकीवर, उभा केल्याने जमिनीची ओल लाकडात चढत नाही; दोन खांबांमधली नक्षीदार लाकडी महिरप मात्र फारसा भार घेत नाही, ती शोभेसाठी असते. राजा व त्याचे वारस यांस राज्य देणाऱ्या 1819 च्या तहात ‘वारस’ या शब्दाचे कामही बहुधा एवढेच असावे.

अशी वास्तू कचेरीस व शाळेस आयतीच सोयीची असल्याने नव्या राजवाड्यात न्यायालय भरले आणि जुन्यात इंग्रजी शाळा, जी आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. 7 नोव्हेंबर 1900 रोजी तिच्या नोंदवहीत 1914 या क्रमांकापुढे भिवा रामजी आंबेडकर हे नाव लिहिले गेले; संविधानाच्या मसुदा समितीचे हे भावी अध्यक्ष राजवाड्यात शिकावेत, एवढी दूरदृष्टी आपण दाखविली असेल, असे मानणे मेढेकरांस जड जाते, तरी श्रेय देण्यास त्यांची हरकत नाही.

आता एक विनंती. वारस नसला की मालमत्ता सरकारात जमा, हे आपण शिकविले. परंतु अभिमान सांगणारे वारस पुष्कळ आणि शाकारणीस, म्हणजे पावसाळ्यापूर्वी कौले परतण्यास, पुढे येणारा एकही नाही, अशा वास्तूबाबत आपल्या टिपणांत काही तरतूद असल्यास ती परत टपाली पाठवावी. उत्तर मे महिन्याच्या आत मिळावे, कारण जावळीच्या डोंगरांवरून उतरणारा पाऊस मेढा ओलांडून साताऱ्यास पोचण्यास फार वेळ घेत नाही.

कळावे,
समस्त मेढेकर