स्टुलाची बाजू

आमच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत. दर वाढदिवसाला आई मला तिथं टेकवून उभं करायची, डोक्यावर पट्टी ठेवायची आणि रेघ मारायची. दहावीनंतरच्या रेघा एकमेकींवर बसल्यात. लांबून ती एकच जाड रेघ वाटते. पाच फूट दोन इंचांवर.

उपाय झाले. अण्णांनी दारात लोखंडी बार ठोकला. सहा महिने मी वटवाघळासारखा लोंबकळलो. बार वाकला, मी होतो तेवढाच राहिलो.

पुढे गॅलिलिओ माझ्या मदतीला आला. 1638 सालच्या पुस्तकात त्यानं राक्षसांचा हिशेब मांडलाय. माणूस सगळ्या बाजूंनी दुप्पट केला, तर वजन आठपट होतं. पण हाडाची ताकद त्याच्या जाडीच्या छेदावर, आणि तो वाढतो चौपटच. म्हणजे प्रत्येक हाडावर दुप्पट भार. दसपट केला तर दसपट भार! 1926 मध्ये हाल्डेन या शास्त्रज्ञानं लिहिलं, की असा राक्षस पाऊल टाकताच त्याच्या मांडीचं हाड मोडेल. कुंभकर्ण सहा महिने का झोपायचा, हे मला तेव्हा कळलं. उभं राहणं परवडतच नसणार!

बरं, हाडं जाड करून भागत नाही. रक्तही वर चढवावं लागतं. जिराफाला त्यापायी आपल्या दुप्पट रक्तदाब बाळगावा लागतो. आमच्याकडे एवढ्यावर मीठ बंद होतं.

अमेरिकेतला रॉबर्ट वॉडलो मस्तकातल्या ग्रंथीच्या दोषामुळं 8 फूट 11 इंच वाढला. चालायला पायांना धातूचे आधार लागत. त्यातला एक घोट्याला घासला, फोड आला, तो चिघळला आणि 1940 मध्ये, अवघ्या बाविसाव्या वर्षी तो गेला. हे वाचल्यावर मी चौकटीकडं रागानं बघणं सोडलं.

परवा माळ्यावरचा पुरणयंत्राचा डबा काढायचा होता. बायको म्हणाली, “अहो, स्टूल घ्या.” घेतलं. चढताना त्याचा पाय कुरकुरला, तो संध्याकाळी सुतारानं ठोकून दिला.

उंची हवीच असेल तर लाकडाची घ्यावी. मोडली तर दुरुस्त होते आणि काम झालं की पलंगाखाली सरकवता येते.