पोत्यातून गेली, पुड्यातून आली

सोलापूर जिल्ह्यात साखरेचं ज्ञान कमी नाही. गळीत कधी सुरू होणार, पहिली उचल किती, उतारा किती पडला, कुणी एफआरपी म्हणजे उसाचा ठरलेला दर थकवला, हे सोलापूरच्या नवी पेठेत लग्नाचा बस्ता बांधायला आलेला माढ्याचा शेतकरीही तोंडपाठ सांगतो. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेला हा जिल्हा. पण त्याच शेतकऱ्याच्या पिशवीत नातवासाठी बिस्किटाचा पुडा, सॉसची बाटली आणि दुधात घालायची पावडर आहे. त्यात साखर किती, हे त्याला सांगता येणार नाही. दोष त्याचा नाही. त्याला कळूच नये अशी सगळी मांडणी आहे.

डॉक्टरांनी ‘गोड कमी करा’ म्हटलं की आपण आधी चहातली साखर बंद करतो. मग फिका चहा आणि सोबत चार ग्लुकोज बिस्किटं. त्या बिस्किटांत १०० ग्रॅमला साधारण २५ ग्रॅम साखर असते. वाचवलेला चमचा चार बिस्किटांतून पोटात गेलाच.

घरातल्या साखरेच्या डब्यावर पहारा ठेवून भागत नाही, कारण देशात खपणाऱ्या साखरेपैकी निम्म्याहून अधिक साखर त्या डब्यात येतच नाही. ती शीतपेयं, बिस्किटं, मिठाई, आइस्क्रीम करणाऱ्यांकडे जाते. इथून पोत्यातून गेलेली साखर नवी पेठेत दहा रुपयांच्या पुड्यातून परत येते, आणि येताना तिच्यासोबत तिची भावंडंही येतात: लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज, माल्ट एक्स्ट्रॅक्ट. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे, हा नियम आहे. गोडवा तीन नावांत वाटला की तिन्ही नावं खाली सरकतात आणि यादीच्या डोक्यावर गहू नाहीतर ओट्स बसतात. माल्टोडेक्स्ट्रिन तर साखरेच्या रकान्यात धरलंच जात नाही. रक्तातली साखर मात्र ते झपाट्याने चढवतं.

वाचायची ओळ एकच: ‘अ‍ॅडेड शुगर्स’, म्हणजे वरून घातलेली साखर. एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल नियमांनी ही ओळ सक्तीची केली. १०० ग्रॅमचा आकडा बघा. ‘पर सर्व्ह’चा बघू नका, कारण ते ‘सर्व्ह’ कंपनी ठरवते आणि चमचाभर सॉसवर आपल्याकडचं पोर थांबत नाही. ग्रॅमला चारने भागा, चमचे मिळतील. लेबलवरची टक्केवारी दिवसाला ५० ग्रॅम हे माप धरून काढलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र २०१५ मध्येच सांगितलंय की २५ ग्रॅमच्या आत राहिलात तर अधिक चांगलं. बेकरीतले सुटे टोस्ट आणि बनपाव यांना लेबलच नसतं, तेव्हा तिथे सरळ विचारायचं: किलोला साखर किती घालता?

मला सर्वांत जास्त चीड आहे ती ओआरएसच्या, म्हणजे जुलाबात द्यायच्या मीठ-साखरेच्या पाण्याच्या, नावाखाली विकलेल्या सरबतांची. सोलापूरचा उन्हाळा ४३ अंशांच्या पुढे जातो. पोराला जुलाब लागले की आई मेडिकलमध्ये धावते आणि ‘ओआरएस द्या’ म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एका लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, सोबत मीठ आणि पोटॅशियम, अगदी मोजून. फळाचं चित्र असलेल्या या सरबतांच्या काही खोक्यांत लिटरला १०० ग्रॅमच्या वर साखर निघाली. एवढी साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढवते. म्हणजे आईने पैसे मोजून आजार विकत घेतला. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष याविरुद्ध कित्येक वर्षं लढल्या. मधल्या काळात प्राधिकरणाने खोक्यावर एक खुलासा छापण्याच्या अटीवर ‘ओआरएस’ हे नाव चालवून घेतलं होतं. ती परवानगी काढून घ्यायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. आता तरी खोकं मागू नका. सूत्राप्रमाणे केलेली ओआरएसची पुडी मागा आणि पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात ती विरघळवा.

दुधात घालायच्या पावडरीची गतही फार वेगळी नाही. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन दुकानांना बोर्नव्हिटा आणि तत्सम पेयं ‘हेल्थ ड्रिंक’च्या विभागातून काढायला सांगितलं, कारण अन्नसुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ असा प्रकारच नाही. इतकी वर्षं त्या नावावर आयांनी डबे रिकामे केले, त्याचा जाब कुणी कुणाला विचारला नाही.

चिलीने २०१६ पासून साखर जास्त असलेल्या पुड्यांवर समोरच इशाऱ्याचा काळा अष्टकोन छापायला लावला. आपल्या प्राधिकरणाने २०२२ मध्ये मसुदा काढला तो पुड्यावर गुणांसारखे तारे छापण्याचा. तारे ही शाबासकीची खूण आहे. दीड तारा मिळालेलं बिस्किटही थोडं चांगलंच वाटेल. १० कोटींहून अधिक मधुमेही असलेल्या देशाला शाबासकी वाटायची घाई कशाला? इथे इशारा हवा.

तो मराठीतही हवा. केंद्राच्या नियमानुसार पुड्यावरचा सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत दिला की भागतं. बाकीच्या भाषा कंपनीच्या मर्जीवर. दुकानांच्या पाट्या मराठीत लावायला राज्याने २०२२ मध्ये कायदा बदलला, दुकानदार सर्वोच्च न्यायालयात गेले तरी सरकार मागे हटलं नाही. दुकानाचं नाव इंग्रजीत राहिलं असतं तर कुणाची शुगर वाढली नसती. तीच ताकद आता केंद्राकडे लावा आणि पुड्याच्या समोरच्या बाजूला, ठळक मराठीत, एवढंच छापून मागा: ‘यात साखर इतके चमचे’.