वाकडं बोट

मेहकर-सिंदखेडराजा रस्त्यावर दुसरबीडला उतरून गुरुजींचं घर विचारलं, तर लोक त्यांचा वेल दाखवतात. तोही बोट वाकवून. कोवळ्या कोहळ्याला, म्हणजे लाल भोपळ्याला, सरळ बोट दाखवलं की ते सडतं, ही जुनी समजूत. आणि गल्लीत ती सक्तीनं पाळायला कोण लावतं? तर जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेले आमचे गुरुजी! मांजर आडवं गेलं म्हणून उशिरा आलेल्या पोराला यांनी एकदा मांजराची आकृती काढून नावं द्यायला लावली होती.

मृग बरसला की गुरुजी न्हाणीच्या सांडपाण्याजवळ दोन बिया टोचतात. बुडाला शेणखत, पानांवर लाल भुंगेऱ्यांसाठी चुलीची राख. यंदा पहिली फुलं नुसतीच गळाली. गुरुजींच्या घरच्या बाई म्हणाल्या, "फुलं लय, फळाचं नाव नाई." गुरुजींनी तिथंच तास घेतला. आधी नर फुलं येतात. मादी फुलाच्या मागं सुपारीएवढं कोहळं असतं. पराग मिळाला नाही तर ते पिवळं पडून गळतं. "बोटाचा काही संबंध नाही!" एवढ्यात शेजारच्या पोरानं हात उचलला. गुरुजी ओरडले, "बोट वाकव आधी!"

ऊन चढलं की फूल मिटतं, म्हणून पहाटेच टॉवेल गुंडाळून ते नर फूल खुडतात, पाकळ्या काढतात आणि मादी फुलावर अलगद टेकवतात. बाई ओट्यावरून बघतात. "पोरीच्या लग्नात नवरदेव मांडवात आला तरी तुमची आंघोळ व्हायची होती. अन् इथं सहाला हजर!"

वेल शेजारच्या माझ्या घराच्या टिनांवर चढला. गुरुजी शिडी लावून रोज बाळंतिणीची विचारपूस करावी तसे येतात. टिनं तापतात म्हणून प्रत्येक कोहळ्याखाली चिंध्यांची चुंबळ. मी एकदा सांगितलं, "गुरुजी, २०२३ साली अमेरिकेत १२४७ किलोचा भोपळा झाला." सात किलोच्या कोहळ्याच्या धन्यानं क्षणभर विचार केला. "तिकडं बोट दाखवणारे कमी असतील."

पितृपक्षात पहिलं कोहळं उतरवलं. पहिला घाव पुरुषानं घालायचा, म्हणून विळी गुरुजींच्या पुढ्यात. आत अळ्या वळवळत होत्या. "फळमाशी," गुरुजी शांतपणे म्हणाले. "कोवळेपणीच सालीत अंडी घालते." मग माझ्याकडं वळून हळूच विचारलं, "टिनावर कोण चढलं होतं?"

सरळ बोटानं तूप निघत नाही, हे ऐकून होतो. कोहळंही निघत नाही, हे गुरुजींच्या शेजारात कळलं. मी हसलो खरा. पण त्यांच्याकडून बी मागून आणून मीही मागच्या अंगणात एक वेल लावला आहे. कालच त्यानं सुपारीएवढं फळ धरलं.

बघायला जरूर या. बोट तेवढं वाकवा.